पद्मिनीताईंचे खोके

माझं तोंड मुळातच फटकळ. सल्ला कुणी मागो न मागो, मी देणारच. पद्मिनीताईंना एक दिला आणि त्यांचा पहिलीचा वर्ग गेला. म्हणून हे सांगायचंही माझ्यावरच आलं.

साल १९९४. आम्ही लखनौत महानगर नावाच्या वस्तीत राहायचो. आमचे हे बँकेत. जुई आमची जवळच्या शाळेत पहिलीला, पद्मिनीताईंच्या वर्गात. मी मराठीत विचारावं आणि हिने हिंदीत उत्तर द्यावं, हे रोजचंच. एक दिवस म्हणाली, "मम्मी, इमली के बीज फेंकना मत, मैम को चाहिए." ही चिंचोके मागणारी मॅम कोण, ते बघायलाच मी शाळेत गेले.

वर्गात पोरांच्या कमरेएवढ्या उंचीवर फळी, तिच्यावर बुटांचे खोके, आणि प्रत्येक खोक्यावर जुन्या कॅलेंडरातलं चित्र कापून खळीने चिकटवलेलं. अक्षरओळख नसलेलं पोरही पोपटाच्या खोक्यातले मणी पोपटाच्याच खोक्यात ठेवायचं. रिकाम्या काडेपेट्यांत दहा-दहा चिंचोके. दशक शिकवायचं तर पेटी उघडायची, मोजायचे आणि मिटायची. कात्र्या खिळ्यांना टांगलेल्या, मागे भिंतीवर प्रत्येकीची आकृती आखलेली, म्हणजे एखादी परत आली नाही तर लगेच कळे. चाळीस पोरं, पण आरडाओरडा नाही. मी घरात दोन माणसांमागे ओरडून घसा बसवून घेते.

त्यांचे यजमान, नरहरराव, कानपूर रोडवरच्या एका कंपनीत होते. ते जाऊन सात वर्षं झालेली. मूलबाळ नाही. शाळेत अकरा वर्षं काढली, पण बाई कुणात मिसळत नसत. मधल्या सुट्टीत बाकीच्या मास्तरणी चहा पीत बसत आणि या वर्गात एकट्याच खोक्यांची डागडुजी करत. निशातगंजला भाजी आणायला गेले की मी त्यांच्या खोलीवर डोकावायची. पाच मिनिटं, जास्त नाही. पिशवी खाली ठेवायचीसुद्धा नाही.

खंडेनवमीला सुतार करवत पुजतो, शिंपी मशीन. पद्मिनीताई खोके पुजायच्या. दसऱ्याची सुट्टी लागायच्या दिवशी वर्गातच हळदकुंकू वाहायच्या. त्या वर्षी हेडमास्तरीणबाई नवीन आलेल्या. खोक्यांवरचे डाग बघून म्हणाल्या, "यह स्कूल है, मंदिर नहीं." ताईंचा चेहरा पार उतरला. मी जुईला न्यायला आले होते. म्हटलं, "मग घरी न्या की सगळं! सुट्टीत कोण बघतंय? नवमीला नीट पूजा करा." पाजळली अक्कल. दोन रिक्षा भरून खोके निशातगंजला गेले.

दहा दिवसांनी शाळा उघडली. ताई खोके घेऊन आल्या तर वर्गाला नवा रंग, कात्र्यांच्या आकृत्या पुसलेल्या, फळी काढून टाकलेली, बाकं रांगेत, आणि टेबलाशी एक पोरसवदा मास्तरीण. ताईंना चौथीचा वर्ग दिला म्हणे. त्यांनी "का" म्हणूनसुद्धा विचारलं नाही. खोके परत पाठवले आणि चौथीला जाऊन शिकवलं.

जुईने घरी येऊन सांगितलं तशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी मी हेडमास्तरीणबाईंच्या पुढ्यात. त्यांनी शांतपणे रजिस्टर उघडलं. "सारा सामान ले गईं, किसी से कुछ कहा नहीं. हमने चपरासी को घर भेजा, सरोजिनी नगर. वहाँ तीन साल से कोई और रहता है. हमें लगा, महाराष्ट्र लौट गईं. अब तो नई टीचर रख ली."

तीन वर्षांपूर्वी ताईंनी घर बदललं आणि अख्ख्या शाळेत एकालाही त्याचा पत्ता नव्हता.

तिथून मी, हातात भाजीची पिशवी तशीच, थेट निशातगंजला गेले. वाटेत ठरवलं, हे काही सांगायचं नाही. ताई चुलीवर खळ शिजवत होत्या. चौथीच्या पोरांना ती कशाला लागते देव जाणे. मी म्हटलं, "शाळेचा शिपाई येऊन गेला हो इथे. कुलूप दिसलं, म्हणून परत गेला."

त्या ढवळायच्या थांबल्या. "नाही गं हेमा. सुट्टीभर मी घरातच होते. दूधवाल्याशिवाय कुणी कडी वाजवली नाही."

मग मला खरं ते सांगावंच लागलं. सरोजिनी नगर, रजिस्टर, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. चिडल्या नाहीत, रडल्या नाहीत.

"त्यांचं काय चुकलं?" म्हणाल्या. "इथला पत्ता मी फक्त तुलाच दिला होता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाजीची पिशवी अजून माझ्या हातातच होती.