सात नावांची भिंत

आर्डिथ माझी शेजारीण. वय सत्त्याहत्तर, गुडघे गेलेले आणि डोक्यात एकच खूळ: अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या आमच्या डोंगरावर मेपलच्या झाडांचा गोड रस आटवणारी जी गुऱ्हाळं आहेत, त्यांच्या भिंतींवरचं लिखाण उतरवून घ्यायचं. रस आटवणारे आतल्या फळ्यांवर पेन्सिलीनं लिहून ठेवायचे. पहिली कढई कधी चढली, बर्फ किती पडलं, कोण वारलं. अशा एक्केचाळीस भिंती तिनं उतरवल्या, एकेका भिंतीला एक वही. राहिली फक्त लिनवुडची, आणि तिला मुळात हवी होती तीच.

ते गुऱ्हाळ एके काळी तिच्या आजीचं. १९१८ साली पुरुष लढाईवर गेले तेव्हा सात बायकांनी मिळून अख्खा हंगाम काढला आणि भिंतीवर आपली नावं लिहिली. आर्डिथ आठ वर्षांची असताना आजीनं बोट फिरवत ती वाचून दाखवली होती. पुढे झाडं, गुऱ्हाळ सगळं लिनवुडच्या बापाला विकलं गेलं, हद्दीवरच्या चार मेपलांवरून भांडण झालं, आणि दोन्ही घरांचं साठ वर्षं बोलणं नाही. गावाच्या छापील इतिहासात त्या सालापुढे लिहिलंय, ‘हंगाम झाला नाही.’ ती ओळ तिला आयुष्यभर सलत होती.

यंदा लिनवुडनं तिचा फोन घेतला. “गुरुवारी येते. संग्रहालयाची बाई आहे बरोबर, गुऱ्हाळ बघायचंय,” एवढंच ती बोलली. भिंतीचं नाव काढलं नाही. जुन्या लिहिलेल्या फळ्यांना शहरातले हॉटेलवाले वाट्टेल तो भाव देतात. कळलं तर हा विकून मोकळा होईल, ही तिची भीती.

“अगं, सरळ सांग ना त्याला!” मी म्हटलं.

“तू गप्प बस. तुला त्यातलं कळत नाही.”

मी गप्प बसले. त्याचा राग मला अजून येतो, तिच्यापेक्षा माझाच जास्त.

गुरुवारी चिखलातून गाडी रेटत आम्ही तिघी पोचलो. लिनवुड धुतलेला शर्ट घालून दारात उभा. टेबलावर डोनट, काकडीचं लोणचं. आत सोड्याचा उग्र वास.

“दोन दिवस घासतोय,” तो खुशीत म्हणाला. “सरकारी तपासनीस यायचा असला तरी एवढं चकाचक करत नाही मी. पाहुण्यांनी नावं ठेवायला नकोत!”

फळ्या पांढऱ्याफटक होत्या. आर्डिथनं चष्मा चढवला, टॉर्च तिरका धरून भिंतीवर इकडून तिकडे हात फिरवला.

“लिनवुड, इथे लिहिलेलं होतं.”

“होतं ना. निघता निघेना, तारेचा ब्रश घ्यावा लागला. का गं?”

ती सरपणाच्या ढिगावर बसली. मग सगळं सांगितलं. ऐकता ऐकता लिनवुडचा चेहरा उतरला.

“अगं बाई, एक शब्द बोलली असतीस!”

“बोलायला हवं होतं,” ती म्हणाली.

“तुम्हाला आठवतात ती नावं सांगा, मी लिहून घेते,” संग्रहालयाची बाई हळूच म्हणाली.

“आठवण म्हणजे पुरावा नव्हे. मीच किती जणांना हे सुनावलंय.”

परतताना ती बोटं मोजत होती. आजी थिओडोरा, लुएला, डेलिया, मिनर्व्हा, झिल्फा, ओर्पा. प्रत्येक वेळी सहाव्या बोटावर अडायची आणि पहिल्यापासून सुरू करायची. मला रडू आवरेना. ती मात्र रडली नाही.

घरी आल्यावर कोटही न काढता तिनं बेचाळिसावी वही उघडली. नेहमीसारखी तारीख आणि जागा लिहिली, आणि खाली दोनच ओळी:

‘भिंत कोरी आहे. कारण, मी सांगितलं नाही.’