कागदाखालची लुगडी
मुलाने तळ्यात अंथरायच्या नव्या कागदाचा नमुना आणला. त्या काळ्या प्लास्टिकचा वास नाकात गेला आणि पहिला कागद आठवला. बागेत खणलेल्या खड्ड्यात आम्ही दोरी सोडून माप घेतलं होतं, या काठावरून तळाला आणि तिथून पलीकडच्या काठाला, वर दाबायला हातभर जास्त. चिपळूणचा दुकानदार म्हणाला, "जाडच न्या. जांभा दगड टोचतो, खाली जुनी कापडं अंथरा." घरात जुनी कापडं म्हणजे सासूबाईंची लुगडी. त्या नुकत्याच गेल्या होत्या. नवरा म्हणाला, "अगो, आईची आहेत ती!" मी म्हटलं, "त्यांना आता कुठे नेसायची आहेत? कागद फाटला तर पाणी जिरेल, आंब्याची कलमं मरतील." मीच ती अंथरली. पुढच्या वैशाखात पाणी तळाला गेलं, तेव्हा कागदाखाली लुगड्यांचा उंचवटा दिसला. कुशीवर, गुडघे पोटाशी, सासूबाई निजायच्या तस्साच. नवरा काठावरूनच मागे फिरला तो पुन्हा कधी तळ्याकडे गेला नाही. कलमं मात्र जगली. आज मुलगा म्हणतो, "आई, जुना कागद काढून माप घेतो." मी म्हटलं, "काढू नको. नवा वरूनच घाल. आणि माप घेताना मधला उंचवटा धर."