कातळावरचा दुसरा टप्पा

रविवार, ७ नोव्हेंबर १९३७, दुपारी साडेचार. रत्नागिरीबाहेरच्या कातळावर पंचाने शिटी वाजवली, तेव्हा मी उजव्या बॅकच्या जागी उभा होतो. तेथे उभे राहण्यासाठी त्या दुपारी मला शब्द द्यावा लागला होता.

दिवाळीच्या सुटीत मुंबईचा एक फुटबॉल संघ बोटीने आला होता. पहिल्या डिव्हिजनचा. आमचा कप्तान वयाने माझ्यापेक्षा बराच लहान. त्याने मला बाजूला घेतले.

"काका, आज तुम्ही बाहेर बसा. हे पहिल्या डिव्हिजनचे आहेत."

"मीही होतो."

"त्याला अकरा वर्षं झाली."

हिशेब बरोबर होता. मी सांगितले की माझ्या बाजूने एक जरी गोल झाला, तर पुन्हा संघात उभा राहणार नाही. त्याने मान डोलावली.

१९२६ च्या उन्हाळ्यात, पावसाळ्यासाठी बोटी बंद होण्याआधी, याच संघाकडून खेळण्यास मी मुंबईस गेलो होतो. तीन सामने खेळलो. कातळावर चेंडू पहिल्या टप्प्याला माणसाच्या डोक्यावरून जातो. म्हणून त्याच्यावर धावून जायचे नाही, मागे सरून दुसऱ्या टप्प्याला घ्यायचा, हे आम्हां रत्नागिरीकरांच्या लहानपणीच अंगवळणी पडलेले. मुंबईच्या चिखलात चेंडू पडे तेथेच बसे. मी मागे सरून वाट पाही आणि समोरचा फॉरवर्ड तो घेऊन जाई. तिसऱ्या सामन्यानंतर माझी जागा गेली. नारळी पौर्णिमेनंतर सुटलेल्या पहिल्या बोटीने परतलो, कचेरीत कारकून झालो आणि गावच्या संघातून खेळू लागलो. त्या तीन सामन्यांचा मला अभिमान आहे. नंतरच्या रविवारांचा अधिक आहे.

पाहुणे बूट घालून उतरले. आम्ही नेहमीप्रमाणे अनवाणी. त्यांचा माझ्या बाजूचा फॉरवर्ड फार वेगवान होता. प्रत्येक उंच चेंडूच्या पहिल्या टप्प्याशी तो वेळेवर पोहोचे, आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून निघून मागे माझ्या पायाशी येई. कडेला बसलेल्या एका खलाशाने त्याला डोक्यावर टोपली घेऊन खेळण्याचा सल्ला दिला. उत्तरार्धात मात्र तोही थांबायला शिकला. मग मला धावावे लागले. अखेरीस आम्ही दोघे एकाच चेंडूवर गेलो. मी घसरत पाय घातला. चेंडू करवंदीच्या जाळीत गेला आणि माझ्या गुडघ्याचे कातडे कातळावर राहिले.

आम्ही एका गोलने हरलो. गोल डाव्या बाजूने झाला.

पाहुण्यांचे व्यवस्थापक म्हणजे माझ्या वेळचे त्यांचे कप्तान; मला वगळले ते त्यांनीच. पाणी पिताना त्यांनी मला ओळखले.

"अजून खेळतोस?"

"दर रविवारी."

त्यांनी माझ्या गुडघ्याकडे पाहिले. आपण केव्हाच सोडले, एवढेच म्हणाले.

आमच्या कप्तानाने चेंडू आणून माझ्या हाती दिला. संघाचा चेंडू नेहमी माझ्याच घरी असे.

"काका, पुढच्या रविवारी साडेचारला."

घरी येऊन जखम धुतली. तळव्यात रुतलेला खडा सुईने काढला. मग चेंडूतली हवा सोडली, चामड्याला खोबरेल चोळले आणि तो ओटीवरच्या फळीवर ठेवला.