ती अजून घरातच आहे

मी लेखक नव्हे. साठी उलटल्यावर प्रथमच लेखणी धरतो आहे, तेव्हा हे धाडस वाचकांनी सांभाळून घ्यावे. परंतु मालतीताईंच्या निधनानंतर आमच्या मंडळाच्या अंकात जे छापून आले, ते वाचून गप्प राहवेना.

गुजराती मुलखातल्या उधन्यातील आमच्या मराठी मंडळाच्या सभागृहात ताई दरमहा एका फ्रेंच दिग्दर्शकाचा चित्रपट दाखवीत; पहिल्यापासून, क्रमाने. तरुणपणीचे तडफदार, मधल्या काळातले फसलेले, उतारवयातले शांत.

“फसलेले कशासाठी?” मी एकदा चाचरत विचारले.

“अहो, नुसते गाजलेले पाहून माणूस कळतो होय? त्याचा सर्वांत चांगला चित्रपट शेवटचा. पण मधली पायरी गाळून तिथे जायचं नाही!”

मध्यंतर त्यांना मुळीच खपत नसे. मंडळाचे चिटणीस भिकाभाऊ काकुळतीला येत. “ताई, मध्ये चहा-खमण ठेवू ने? पब्लिक पळून जाईल.”

“जाऊ द्या. ज्यानं चित्रपट काढला त्यानं मध्यंतर ठेवलं नाही. तुम्ही कोण ठेवणार?”

अखेर तो शेवटचा चित्रपट आला. घर विकून निघालेली एक म्हातारी खोल्यांची दारे एकेक करून लावत जाते. एकच दार उरले होते, आणि सभागृहातले दिवे लागले. उशिरा आलेल्या देणगीदार पाहुण्यांचा सत्कार उरकायचा होता! शाल, श्रीफळ, भाषण.

ताई ताडकन उठल्या. “अहो, ती अजून घरातच आहे!”

लोक हसले. सत्कारानंतर जेवण झाले. चित्रपट पुन्हा लागलाच नाही. ताईंनी पिशवी उचलली, आणि सभागृहाची पायरी त्या पुन्हा चढल्या नाहीत.

गेल्या हिवाळ्यात त्या वारल्या. शोकसभेत श्रद्धांजली म्हणून तोच चित्रपट लावला. आणि त्याच दारापाशी थांबवला. भाषणे राहिली होती! “ताईंनी आम्हाला सिनेमा बघायला शिकवलं,” भिकाभाऊ माइकवरून सांगत होते.

चारचौघांत कधी तोंड न उघडणारा मी उभा राहिलो. “ती अजून घरातच आहे,” एवढेच म्हणालो.

“बसा ने साहेब,” शेजाऱ्याने माझी बाही ओढली, “अजून तीन जण बोलायचे आहेत.”

तिघे बोलले, आणि सभा संपली. अंकात मात्र छापले आहे: ‘ताईंचा आवडता चित्रपट संपूर्ण दाखवून श्रद्धांजली.’

मग आपणच सांगा, म्हातारीने ते शेवटचे दार लावले का?