कुलूप, आबा आणि म्हातारी घोडी

"आरं धरा, धरा! म्हाताऱ्यानं माझा टांगा पळवला!"

स्टेशनाजवळच्या अड्ड्यावर टांगेवाले चाचा छाती पिटत ओरडत होते, आणि पळवणारा म्हातारा म्हणजे साक्षात माझे वडील. चाळीस वर्षं टांगा हाकलेले आबा. माझं नाव, आपण जेवलो की नाही, आई वारली की आहे, सगळं डोक्यातून पुसलेलं. लगाम तेवढा हाताला पाठ. मागं बसलेल्या वकीलसाहेबांना जायचं होतं कोर्टात. आबांनी त्यांना पन्हाळ्याच्या वाटेला लावलं. टांगा असा उधळला म्हणता, की रस्त्यातली म्हसरं रवंथ विसरली आणि वकीलसाहेब जन्मात पहिल्यांदा गप्प बसले.

मी शाळामास्तर. घाबरलो. दुसऱ्या दिवसापासून आबांपुढं भाकरी नि पाण्याचा तांब्या ठेवायचा, दाराला शेरभर वजनाचं कुलूप घालायचं आणि शाळा गाठायची. आठवड्यात आबांनी अन्न टाकलं. नुसते दाराकडं बघत बसायचे.

नवव्या दिवशी तेच चाचा दारात. "मास्तर, कुलूप काढा. म्हाताऱ्याला रोज चार वाजता अड्ड्यावर आणा."

"आणि परत टांगा पळवला म्हणजे?"

"पळवंल की! आमची म्हातारी घोडी जुंपतो. तिला जन्मात एकच वाट ठावं हाय. अड्डा ते रंकाळा, आन् माघारी. देव आडवा आला तरी वळायची न्हाय."

दोन वर्षं हे चाललं. टांगेवाल्यांनी पाळ्या लावल्या. मोकळा असेल तो उतारू होऊन मागं बसायचा. आबा पुन्हा जेवायला लागले, तेही असे की चुलीला धाप लागावी.

एका रविवारी उतारू मी झालो. आबांनी वळून न बघता विचारलं, "कुठं जायाचं, पावणं?"

मी आमच्याच घराचा पत्ता सांगितला.

"तितं एक मास्तर ऱ्हातोय. मानूस बरा हाय, पर कुलूप घालतोय. जपून ऱ्हावा."

रंकाळा येईपर्यंत मी तोंडावर रुमाल धरला. धूळ फार होती.

आबा घरीच गेले, अंथरुणावर, पोटभर जेवून. तेराव्यानंतर मी अड्ड्यावर गेलो. भाषण पाठ केलं होतं, मास्तर ना! चाचांपुढं हात जोडले. "तुम्ही सगळ्यांनी माझा बाप सांभाळलात. सात जन्म विसरणार नाही."

चाचा घोडीचा पट्टा सोडत होते. म्हणाले, "सरका मास्तर, घोडीला पाणी पाजायचंय."