वाजू द्यायचा फोन

शुक्रवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी पारूबाई ट्रकच्या केबिनमधून खाली उतरली. पदराने मान पुसली आणि मागे न बघता बाभळीकडे चालू लागली. गेवराईच्या अलीकडे महामार्गाला लागून सटवाचं पंक्चरचं दुकान आहे. दुकानामागे कपाशीचं रान, रानाच्या बांधावर ही बाभूळ. बाभळीखाली पिंकी बसली होती. तिच्या मांडीवर पाण्याची बाटली आणि पारूबाईचा मोबाईल होता.

"घे तुझं डबडं," पिंकी म्हणाली. "दोनदा बोंबललं. घरचं कुणीतरी व्हतं."

"उचलला न्हाईस ना?"

"मी काय आज आलेय व्हय धंद्यात?"

बांधावर बसणाऱ्या बायका जोडीने काम करतात. एक गाडीत जाते, दुसरी बसून राहते. जाणारी आपला मोबाईल बसणारीजवळ ठेवून जाते. केबिनमध्ये मोबाईल हिसकावून घेतात. कधी त्याच मोबाईलवर फोटो काढतात आणि नंतर धमकावतात. शिवाय नको त्या वेळी घरचा फोन आला तर काय बोलायचं? म्हणून हा नियम. दुसरीचा फोन वाजला तर वाजू द्यायचा. बसणारीने गाडीचा नंबर टिपून ठेवायचा. आणि कोणी कोणाचं खरं नाव, गाव विचारायचं नाही. पिंकी चाळिशीला आलेली होती. ते नाव तिला कोणी दिलं हे पारूबाईने कधी विचारलं नव्हतं.

पारूबाई तेलगावजवळच्या एका खेड्यातली. लग्न झाल्यापासून नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. गर्भपिशवी काढल्यानंतर तिला मोळी उचलवेना. तोडीला नवराबायकोची जोडी लागते. मुकादमाने नवऱ्याला पुढच्या हंगामासाठी दुसरी जोडीदारीण बघायला सांगितलं. त्याने बघितली. पारूबाईचा मुलगा तिच्या माहेरी वाढतो. आई ढाब्यावर भाकरी थापते, एवढंच त्याला ठाऊक आहे.

बांधावर आडोसा नाही. पाणी सटवाच्या माठातलं. निरोध आरोग्याच्या ताई वाटून जातात, पण तो वापरायला समोरचा तयार होईलच असं नाही. गेल्या वर्षी पारूबाईने हट्ट धरला म्हणून एकाने तिचं डावं मनगट पिरगाळलं होतं. ते अजून नीट वळत नाही. दवाखान्यात तिने नळावर पडले म्हणून सांगितलं.

पारूबाई पाण्याचा घोट घेत होती तेवढ्यात लाल हायवा दुकानासमोर येऊन थांबला. वाळू वाहणारा, रिकामा. पुढच्या नंबरपाटीवर काळं ग्रीस फासलेलं होतं, मागच्याही. गोदावरीच्या पात्रातून चोरीची वाळू नेणाऱ्या गाड्या अशाच फिरतात. बांधावरच्या बायका त्यांत बसत नाहीत.

पिंकी उठली. साडी झटकली.

"जाऊ नको गं," पारूबाई म्हणाली. "नंबर दिसंना."

"नंबराचं काय करतीस? पत्रिका जुळवतीस व्हय माझी त्याच्यासंगं?"

"पिंके, ऐक. दुसरी गाडी यील."

"सकाळधरनं आली का एक तरी? सहाच्या आत मोकळं व्हायचंय मला. पोरीचा फोन यायचाय." तिने आपला मोबाईल पारूबाईच्या हातात दिला. "आलेच. वाजला तर वाजू दे."

पिंकीची मुलगी अंबाजोगाईला वसतिगृहात राहून नर्सिंग शिकत होती. आई जिनिंगमध्ये कापसावर काम करते, मशीनच्या खोलीत मोबाईल चालत नाही, सहाला पाळी सुटते, असं तिला सांगितलेलं होतं. त्यामुळे ती रोज सहाला फोन करायची. पिंकी त्याआधी तोंड धुऊन, केस विंचरून बसायची. फोनमधून काही दिसत नाही हे माहीत असूनही.

सहाला मोबाईल वाजला. पडद्यावर 'तेजू' असं नाव. थांबला, पुन्हा वाजला. पारूबाईने तो मांडीवर पालथा ठेवला.

सटवा शटर ओढायला आला तेव्हा त्याने विचारलं, "दुसरी बाई कुठाय?"

"यील," पारूबाई म्हणाली.

सकाळी मेंढरं घेऊन गेलेल्या माणसाला नदीपात्रातल्या खड्ड्यात पिंकी सापडली.

पारूबाई ठाण्यात गेली तेव्हा हवालदार अर्जुनराव बसले होते. निवृत्तीला आलेले, आवाज न चढवणारे गृहस्थ.

"मयताचं नाव?"

"पिंकी."

"पूर्ण."

"तेवढंच म्हायती हाय, साहेब."

"गाव?"

पारूबाईने नकारार्थी मान हलवली.

"बाई, दोन वर्षं एका झाडाखाली बसता तुमी. गाव ठाव न्हाई?"

"इचारत न्हाई आमी."

तिने लाल हायवाचं सांगितलं. अर्जुनरावांनी पेन खाली ठेवलं. "लाल हायवा ह्या रस्त्याला ढिगानं हायेत. नंबर?"

"ग्रीस व्हतं."

पिंकीचा मोबाईल त्या वेळी पारूबाईच्याच कमरेला पिशवीत होता. तिने तो दिला नाही. पोलिसांनी मुलीला फोन लावला तर पहिल्याच वाक्यात काय सांगतील, याचा तिला अंदाज होता. पण मोबाईल लपवला तर पिंकीला न्यायला कोणी येणार नव्हतं. या दोन्हींच्या मधला रस्ता तिला दिसेना.

शनिवारी सहाला फोन वाजला. तिने वाजू दिला.

रविवारी अर्जुनरावांनीच सटवाकरवी निरोप धाडला. उद्या दुपारपर्यंत कोणी आलं नाही तर बेवारस म्हणून उरकतील. पारूबाईने दुपारी मोबाईल सटवाकडे चार्जिंगला लावला आणि शेजारी टायरवर बसून राहिली. सहाला तो वाजला. तिने उचलला.

"आई! अगं कुठं होतीस? दोन दिवस मी..."

"मी पारू बोलते. तुझ्या आईसंगं कामाला हाय."

मग मुलगी म्हणाली, "पारूमावशी? आई म्हणते, मशीनवर जाताना मोबाईल तुमच्यापाशी ठेवते. तिला द्या ना जरा."

पारूबाईने सटवाकडे बघितलं. तो पान्याने उगीच एक नट घट्ट करत होता.

"पोरी, तू ये. गाडीनं धडक दिली तिला. काम सुटल्यावर, रस्त्यावर."

"कुठल्या दवाखान्यात आहे?"

"तू ये आदी."

"मावशी, शुद्धीवर आहे का ती?"

"सकाळच्या पहिल्या बसनं ये," पारूबाई म्हणाली. नर्सिंग शिकणाऱ्या मुलीला त्यातून जे कळायचं ते कळलं.

त्याच संध्याकाळी पारूबाई पुन्हा ठाण्यात गेली. "पोरगी येतीय. तिला अपघात सांगा, साहेब."

"अपघात सांगितला तर ती जबाबही तसाच देणार. नातेवाईकच तसं म्हणाले की मग तुझ्या हायवाचं कोण विचारतंय? पटतंय का?"

"पटतंय."

"मारणारा सुटंल."

"तिला कळाय नगं," पारूबाई म्हणाली. "पिंकी त्याच्यासाठीच तर..."

तेजश्री सोमवारी सकाळी पहिल्या बसने आली. बारीक अंगाची, वर्गात जाताना घालायचाच पंजाबी ड्रेस अंगावर. बरोबर कोणी नव्हतं. वडील ती लहान असतानाच गेले होते, आजोळी जाणं-येणं नव्हतं. शवागारात कर्मचाऱ्याने चेहऱ्यावरची चादर बाजूला केली. तिने आईचा चेहरा पाहिला, मग चादर स्वतःच गळ्याखाली ओढली. बराच वेळ ती तिथेच बघत राहिली. तिने बोटाने गळ्यावरची एक रेघ दाखवली, स्पर्श न करता.

"मावशी, हा गाडीचा मार नाही."

पारूबाई भिंतीला टेकून उभी होती.

"गळा आवळलाय. आम्हाला शिकवलंय हे. कुणी केलं?"

पारूबाईने सांगितलं. शवागाराच्या दारात उभं राहून, आवाज न बदलता, बाभूळ, केबिन, ग्रीस, सगळं. जिनिंग कधीच नव्हतं, हेही.

मुलीने ऐकून घेतलं. तिला आधी काही माहीत नव्हतं. तोंडावरून ते स्वच्छ दिसत होतं. मग ती म्हणाली, "शुक्रवारी सहाला मी फोन केला तेव्हा तुमच्या हातात होता?"

"व्हता."

"वाजत होता?"

"व्हय."

"तेव्हा उचलला असतात तर मी पोलिसांना फोन केला असता. ती तेव्हा जिवंत असेल." तिचा आवाज फाटला. "कावून उचलला न्हाई?" एवढा वेळ ती शाळेतलं मराठी बोलत होती. हा एक प्रश्न आईच्या बोलीत आला.



ठाण्यात तेजश्रीने अर्जुनरावांसमोर उभं राहून सांगितलं, "हा खून आहे. तसं लिहा."

"गाडीत बसताना पाहिलं कुणी? साक्षीला कोण?"

"मी," पारूबाई म्हणाली. तिने पिशवीतून पिंकीचा मोबाईल काढून टेबलावर ठेवला.

अर्जुनरावांनी तिच्याकडे बघितलं. "जबाबात पूर्ण नाव लागंल. गाव लागंल. तिथं काय करत व्हतीस ते लागंल. कोर्टात समद्यांसमोर वाचत्यात."

"लिवा."

तिने नाव सांगितलं, आडनावासह. नवऱ्याचं नाव, गाव, तालुका सांगितला. धंद्याच्या रकान्यापाशी अर्जुनराव थांबले तेव्हा तिने तोही शब्द सांगितला. महामार्गावर आल्यापासून हे सगळं एका दमात तिने कोणाला सांगितलं नव्हतं. तेजश्री शेजारच्या बाकावर बसून ऐकत होती. तिने मध्ये एकदाही मान वर केली नाही.

अंत्यसंस्कार गेवराईतच झाले. अग्नी तेजश्रीने दिला. तिथे ती, पारूबाई, सटवा आणि एक शिपाई एवढेच होते. संध्याकाळच्या अंबाजोगाईच्या बसला पारूबाई तिला सोडायला गेली. दोघी अंतर ठेवून उभ्या होत्या. बस लागली तेव्हा मुलगी पायरीवर चढली आणि वळली.

"तिचं नाव गीताबाई होतं," ती म्हणाली. "पिंकी म्हणू नका."

बस गेली.

हायवा सापडलेला नाही. मोबाईल पोलिसांच्या ताब्यात आहे. जबाबाची बातमी गावी अजून पोहोचलेली नाही, निदान मुलाने फोनवर काही विचारलेलं नाही. पारूबाईबरोबर जोडीने बसायला दुसरी बाई मिळालेली नाही. पोलिसांत नाव दिलेल्या बाईशेजारी बसायला कोणी तयार नाही. गाडीत जाताना ती आता आपला मोबाईल सटवाकडे ठेवते. कुणाचाही आला तरी उचल, असं तिने त्याला सांगून ठेवलं आहे. सटवा सातला शटर ओढतो, त्यानंतर फोन उचलायला कोणी नसतं. उद्याही सातलाच ओढणार आहे.