पोत्याच्या तळाचा माल

प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहायला मी कळंबला घरी आले, तेव्हा मला माझ्या निकालाबद्दल काडीचीही शंका नव्हती. शंका होती ती माझ्या मार्गदर्शकांना, आणि माझ्या लेखी ती त्यांची अडचण होती.

काही दीर्घिकांच्या, म्हणजे आकाशगंगांच्या, मधोमध ताऱ्यांचा लांबट दांडा असतो आणि तो फिरत राहतो. भोवती अदृश्य कृष्णद्रव्य असेल, तर त्याच्या ओढीनं दांडा हळूहळू मंदावतो. मी कृष्णद्रव्य वगळलं, गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलला आणि संगणकावर दीर्घिका फिरवली. दांडा झटपट तयार झाला आणि मंदावलाच नाही. ‘दांडा वेगवान आणि भक्कम राहतो,’ असं मी लिहूनही टाकलं. फार आवडलं होतं मला ते वाक्य.

माझे वडील, अण्णा, बाजारात आडतीवर माल पारखायचं काम करतात. दुपारी जेवायला आले तेव्हा काय चाललंय म्हणून त्यांनी विचारलं. घट्ट दह्यात रवी जड जाते, पाण्यात भिरभिरते, असं सांगून मी त्यांना लॅपटॉपवर दांडा दाखवला. चष्मा लावून त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं.

"हितंच का थांबलं?"

मीच थांबवलं, मी म्हणाले. हवं ते दिसलं होतं.

"वरचं सोयाबीन समदेच चांगलं भरत्यात," ते म्हणाले. "आमी पोत्याच्या तळाला सळई घालून माल बघतो."

मला राग आला. कारण मार्गदर्शकांनीही हेच विचारलं होतं, जरा सभ्य शब्दांत, आणि वेळ नाही म्हणून मी त्यांना उडवून लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी घरूनच पुण्यातल्या मोठ्या संगणकावर तेच गणित दुप्पट काळासाठी लावलं. आठवड्यानं निकाल आला. वेग जसाच्या तसा होता, त्याबद्दल मी आजही कुणाशीही भांडेन. पण दांडा रोडावत गेला होता. शेवटी शेवटी तर तो शोधावा लागत होता. ‘भक्कम’ हा शब्द खोडताना मला खरंच वाईट वाटलं.

"अण्णा, तळाला माल हलका निघाला," मी जेवताना सांगितलं.

"मग आता लपवणार?"

नाही, मी म्हणाले. जसा आहे तसा लिहिणार.

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मग तुझं पोतं कुणी माघारी धाडणार न्हाय."